राजा, कारभारी आणि एक संपादक

एक साधा प्रश्न. राजद्रोह आणि देशद्रोह यांत फरक काय? हॉस्टेलच्या कट्ट्यावर विचारून बघा. दहापैकी आठ जण म्हणतील, एकच की रे! बातम्यांतही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरले जातात. पण राजद्रोह या शब्दाच्या पोटात एक राजा बसलेला आहे. राजावर, म्हणजे राज्य करणाऱ्यावर, प्रेम नसणं हा गुन्हा. देशाशी बेइमानी ही वेगळी गोष्ट. एखाद्या माणसाचं देशावर जिवापाड प्रेम असू शकतं आणि तरीही राजद्रोहाच्या कलमाखाली तो तुरुंगात जाऊ शकतो. आपल्याकडे असा एक माणूस होऊन गेला, आणि त्याच्यावरचे मोठे खटले चालले ते आपल्याच मुंबईत.

बाळ गंगाधर टिळक. थांबा, पान उलटू नका! शेंगांची टरफलं, गणेशोत्सव, एक ऑगस्टची भाषण स्पर्धा हे सगळं शाळेत पाठ करून झालंय, मान्य. इथे त्यातलं काही सांगणार नाही. टिळकांच्या आयुष्यातून एकच धागा ओढून काढायचा आहे. सत्तेबद्दल वर्तमानपत्रात काय लिहायचं, आणि लिहिलं तर काय किंमत मोजायची?

आधी थोडी ओळख. जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृत आणि गणित दोन्हींत पक्के. मुलगाही गणितात हुशार. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर पठ्ठ्याने पहिलं वर्ष अभ्यास सोडून तालमीत घालवलं. शरीर कमावलं आणि वर्ष गमावलं. (म्हणजे केटीवाल्यांना अगदीच परंपरा नाही असं नाही!) पुढे गणित घेऊन बी.ए. पहिल्या वर्गात झाले, १८७९ मध्ये एलएल.बी. केलं. नोकरी किंवा वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण कॉलेजातच गोपाळ गणेश आगरकरांशी मैत्री झाली आणि दोघांनी ठरवलं, सरकारी नोकरी करायची नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं. १८८१ च्या जानेवारीत दोन साप्ताहिकं सुरू झाली, इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. वय दोघांचंही पंचविशीच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे.

वर्षभरातच पहिला दणका बसला, आणि गंमत म्हणजे तो एका राजाची बाजू घेतल्यामुळे बसला. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी अगदी तरुण होते. त्यांना वेड लागलं आहे असं जाहीर करून कारभार दुसरेच लोक बघत होते. महाराजांना वाईट वागवलं जातं, त्यांचा छळ होतो, अशी चर्चा होती. संस्थानचे कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. बर्व्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रं या तरुण संपादकांच्या हाती आली आणि त्यांनी कारभाऱ्यांवर कडाडून टीका केली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. कोर्टात उघड झालं की ती पत्रंच बनावट होती! संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात एका खोलीत दोघं १०१ दिवस राहिले, भांडले, वाद घातले, देशाचं काय करायचं यावर रात्ररात्र बोलले. आगरकरांनी नंतर त्यावर पुस्तकच लिहिलं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते महाराज? २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीला ठेवलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते मृत्यू पावले. म्हणजे चिंता खरी होती, पण पुरावा खोटा होता. कोणी चिठ्ठी हातात दिली म्हणून छापायची नसते, हा धडा टिळक २६ व्या वर्षी शिकले, तोही तुरुंगात बसून.

या प्रकरणातून एक प्रश्न मात्र टिळकांच्या मागे लागला, तो शेवटपर्यंत. राजा आणि कारभारी एकच का? कारभाऱ्याला बोललं तर ते राजाला लागतं का?

आता कायद्याकडे वळू. इंजिनियरिंगवाल्यांना कायदा म्हटलं की झोप येते, पण हा भाग समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भारतीय दंड संहिता १८६० ची. मेकॉलेच्या मसुद्यात राजद्रोहाचं कलम होतं, पण संहिता मंजूर होताना ते गळलं. १८७० मध्ये ते १२४ अ या नावाने घातलं गेलं. सरकारविषयी लोकांच्या मनात अप्रीती निर्माण करणं हा गुन्हा, असा त्याचा गाभा. अप्रीती म्हणजे नेमकं काय? मोजायचं कशाने? एकक काय? पहिला मोठा खटला १८९१ मध्ये कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्रावर झाला. त्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि अखेर माफीवर प्रकरण मिटलं. दुसरा नंबर टिळकांचा.

साल १८९७. पुण्यात प्लेग. रँड हा अधिकारी प्लेग हटवायला आला आणि सोजिरांकडून घरं तपासायला लागला. लोक संतापले. बरेच पुढारी गाव सोडून गेले, पण टिळक पुण्यात राहिले. त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ काढलं आणि 'केसरी'तून तपासणीच्या पद्धतीवर टीका केली. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत त्या समारंभाहून परतताना चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तिथेच गेला, रँड काही दिवसांनी. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि एक कविता छापून आली होती. अफजलखानाच्या वधाबद्दलचं टिळकांचं भाषण त्या वृत्तांतात होतं. सरकारने या दोन्हींवर बोट ठेवलं. २७ जुलैला टिळकांना मुंबईत, गिरगावात अटक झाली. खुनाशी त्यांचा संबंध जोडता आला नाही, म्हणून आरोप राजद्रोहाचा.

खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत नऊ जण, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला अप्रीतीचा अर्थ समजावून सांगितला तो थोडक्यात असा, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. संपलं! आता जरा विचार करा. कोणी तुम्हाला विचारलं, मेसवर तुझं प्रेम आहे का? तुम्ही म्हणालात, नाही बुवा. या व्याख्येप्रमाणे तुम्ही मेसद्रोही! द्वेष नको, दंगा नको, ताट फेकायला नको. नुसतं प्रेम नसलं आणि ते नसणं चार जणांत पसरवलंत, की पुरे. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले. सहा कोण आणि तीन कोण, हे वेगळं सांगायला नको. शिक्षा दीड वर्ष सक्तमजुरी. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागायचा प्रयत्न झाला, तोही फसला.

पुढे मॅक्सम्यूलरसारख्या विद्वानांनी विनंती केली, आणि ६ सप्टेंबर १८९८ ला टिळक मुदतीआधी सहा महिने सुटले. पण ते आत असताना बाहेर सरकारने कलम दुरुस्त केलं. दुरुस्त म्हणजे सैल नाही, आणखी घट्ट. द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले. आणि एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट झाली. १८७० च्या कलमात फक्त सरकार होतं. १८९८ च्या कलमात सरकारच्या आधी राणी येऊन बसली. म्हणजे पुण्यातल्या एका प्लेग अधिकाऱ्याच्या वागणुकीवर टीका करणारा माणूस आणि हजारो मैलांवर विंडसरला राहणारी म्हातारी राणी यांची गाठ कायद्याने एका ओळीत मारली. कारभाऱ्याला बोललात तर राजाला लागलं!

दहा वर्षांनी तिसरा खटला. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बाँब टाकला. नेम होता एका मॅजिस्ट्रेटवर, मेल्या दोन इंग्रज बायका. टिळकांनी 'केसरी'त लेख लिहिले. त्यांचं म्हणणं असं होतं की बाँब वाईटच, पण तो आकाशातून पडत नाही. दडपशाही वाढली की माथी भडकतात, तेव्हा आणखी कायदे करून हा रोग बरा होणार नाही, लोकांना हक्क द्या. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात त्यांना पकडलं. जामिनासाठी उभे राहिलेले तरुण बॅरिस्टर होते महंमदअली जिना. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी भांडले होते! आता खुर्ची बदलली होती. जामीन नामंजूर.

या वेळी टिळकांनी स्वतःच स्वतःचं वकीलपत्र घेतलं. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. इथली खरी अडचण बघा. लेख मराठी, आणि ज्यांनी निकाल द्यायचा त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांच्यापुढे होतं सरकारी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्द न् शब्द पिंजून काढला. मूळ शब्दाचा तोल काय आणि इंग्रजीत त्याचं काय झालं, हे दाखवत राहिले. आपण व्हायवाला वीस मिनिटं उभे राहिलो तर पाय दुखतात. हे ५१ वर्षांचे, मधुमेह असलेले गृहस्थ काही दिवसांत मिळून एकवीस तासांवर बोलले. सरकारवर टीका करणं आणि राज्य उलथवायला चिथावणं यांत फरक आहे, हा फरक पुसला तर वर्तमानपत्र काढण्यात अर्थच उरत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश.

२२ जुलै १९०८ ची रात्र. ज्यूरीचा निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. शिक्षा सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. शिक्षेआधी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर ते जे दोन-चार वाक्यं बोलले, ती आज हायकोर्टात त्या कोर्टरूमबाहेर संगमरवरावर कोरलेली आहेत. ती इथे लिहीत नाही, स्वतः जाऊन वाचा. बातमी कळली तशी मुंबईतल्या गिरण्या बंद पडायला लागल्या. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवसांचा संप. गोळीबार झाला, कामगार मेले. 'केसरी' वाचता न येणारेही त्यांत कितीतरी असतील.

मंडालेचा तुरुंग म्हणजे लाकडी फळ्यांचा. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ. तिथे त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, जर्मन-फ्रेंचचा अभ्यास केला. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. नवरा हजारो मैल दूर, कोठडीत. दोन लेखांची ही किंमत होती. शाळेच्या पुस्तकात ही एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत आपण पोहोचतो १९१४ ला. मधली सहा वर्षं सहा वर्षांएवढीच लांब होती, हे कधीतरी थांबून लक्षात घ्यायला हवं.

जून १९१४ मध्ये सुटका झाली. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि टिळकांनी जाहीर केलं की आपला बादशहाला विरोध नाही, आपल्याला कारभार बदलून हवा आहे. अनेकांना वाटलं, वाघ नरमला. पण पुढचं बघा. १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांत टिळकांनी जुनाच धागा पुन्हा उचलला. सरकार दोन प्रकारचं असतं, एक अव्यक्त आणि एक व्यक्त. बादशहा अव्यक्त, तो कुणाला दिसत नाही, रोज काही करत नाही. दिसतात ते कलेक्टर, मामलेदार, पोलीस. आम्हाला बदलायचे आहेत ते हे. वेदान्त आणि राज्यकारभार एका दमात! समोर बसलेल्या शेतकऱ्यालाही कळेल अशी भाषा, आणि कायद्याच्या जाळ्यातून अलगद निसटणारी.

सरकारने तरी जाळं टाकलंच. साठाव्या वाढदिवशीच, २३ जुलै १९१६ ला, नोटीस हातात पडली. वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून वीस हजारांचा स्वतःचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्या! पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने तसा हुकूमही केला. टिळक हायकोर्टात गेले. वकील पुन्हा जिना. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी हुकूम रद्द केला. भाषणातली सुटी वाक्यं उचलू नका, सगळं भाषण एकत्र वाचा आणि त्याचा एकूण परिणाम बघा, अशी दृष्टी त्या निकालात होती. चौतीस वर्षांनी कोर्टाने पहिल्यांदा मान्य केलं की कारभार बदला म्हणणं म्हणजे राजद्रोह नव्हे.

इथे लेख संपवला तर छान गोड होईल, पण खरा होणार नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला हा संपादक स्वतः विरोधकांशी लिहिताना फार कडवट व्हायचा. संमती वयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. डोंगरीत एका खोलीत राहिलेल्या आगरकरांशी सामाजिक सुधारणांवरून कायमचं बिनसलं. आणि ज्या कोल्हापूरच्या गादीसाठी १८८२ मध्ये तुरुंगवास भोगला, त्याच गादीवरच्या शाहू महाराजांविरुद्ध वेदोक्त प्रकरणात 'केसरी'ने लिहिलं. त्या वादात न्याय महाराजांच्या बाजूला होता असंच आज आपण म्हणू. पण म्हणूनच हा विषय नीट समजतो. बोलण्याचं स्वातंत्र्य फक्त बरोबर बोलणाऱ्याला असतं तर त्यासाठी कायदा लागलाच नसता. ते चुकणाऱ्यालाही लागतं, आणि चुकणाऱ्याला उत्तर देणाऱ्यालाही. शाहू महाराजांनी आणि सत्यशोधकांनी टिळकांना उत्तरं दिलीच की, आणि तीही खणखणीत!

१ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहातच टिळक वारले. गिरगाव चौपाटीवर दहन झालं. दोन वर्षांनी, मार्च १९२२ मध्ये, याच १२४ अ खाली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी टिळकांच्याच शिक्षेचा दाखला समोर ठेवला होता.

मग कलमाचं काय झालं? घटना समितीत १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी राजद्रोह हा शब्द घटनेतल्या निर्बंधांतून काढायला लावला. प्रजासत्ताक आल्यावर कलमातली राणी, म्हणजे राजसत्तेचा उल्लेख, गेली, पण कलम राहिलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच ते लावा. ब्रिटनने स्वतःकडचा राजद्रोहाचा गुन्हा २००९ मध्ये कायदा करून रद्द केला. आपल्याकडे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ स्थगित ठेवलं आणि १ जुलै २०२४ पासून जुनी संहिताच गेली. नव्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. पण देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणण्याबद्दल कलम १५२ आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. म्हणजे राजाच्या जागी देश आला. टीका कुठे संपते आणि धोका कुठे सुरू होतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. सुरुवातीला विचारलेला फरक म्हणूनच महत्त्वाचा.

आता शेवटचं, आपल्या दारातलं. आरेत राहणाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९ आठवत असेल, नंतर आलेल्यांनी ऐकलं असेल. मेट्रो तीनच्या कारशेडसाठी झाडं तोडायला विरोध होता. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. लोक धावले, २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. त्यांच्यावर राजद्रोह लावला नव्हता, तुलना तेवढी ताणायला नको. मेट्रो हवी म्हणणारे आणि झाडं हवीत म्हणणारे दोघंही आपल्या हॉस्टेलात आहेत आणि दोघांचे मुद्दे ऐकण्यासारखे आहेत. मुद्दा एवढाच, की कारभारावर बोलणं म्हणजे देशाविरुद्ध बोलणं नव्हे, ही टिळकांची शिकवण दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवली तर वाद भांडणापर्यंत जात नाही.

आणि योगायोग बघा. ऑक्टोबर २०२५ पासून ती मेट्रो आरेहून थेट कफ परेडपर्यंत जाते. जमिनीखालून जाताना गिरगाव लागतं, जिथे १८९७ ला अटक झाली आणि जिथे चिता पेटली. मग सीएसएमटी, तिथून सरदारगृह पायी. पुढचं स्टेशन हुतात्मा चौक, तिथे उतरलं की हायकोर्ट हाकेच्या अंतरावर. सबमिशन संपल्यावर एखाद्या कामाच्या दिवशी ओळखपत्र घेऊन जा, परवानगी विचारा, आणि तो संगमरवर वाचून या. येताना गाडीत एकच विचार करा. पुढच्या अंकासाठी आपण काय लिहिणार आहोत, आणि त्याखाली आपलं नाव घालायची आपली तयारी आहे का?